सोमवारचा धडा

सोमवारी सकाळी आजऱ्याच्या वाचनमंदिरात कुणी आलं, की हेमांगी मिरजे हसून हात जोडायची, समोरची खुर्ची दाखवायची. पण बोलायची नाही. दुपारी घरी जाऊन महादेवाला नैवेद्य दाखवेपर्यंत तिचं मौन असायचं. मुलगी लहानपणी मोठ्या दुखण्यातून उठली, तेव्हा धरलेला हा नेम. मुलगी आता बंगळुरात नोकरीला लागली होती, नेम तसाच होता. गावालाही सवय झाली होती. घाईची माणसं सोमवार टाळायची. तिचा नवरा प्रदीप म्हणायचा, "आठवड्यातनं एक सकाळ तरी मला माझा आवाज ऐकू येतो. महादेवाची कृपा!"

विजयमाला चौगुले, म्हणजे सगळ्यांच्या चौगुलेकाकू, मात्र सोमवारीच यायच्या. मुद्दाम.

"तू बोलत नाहीस म्हणून येते बघ," खुर्चीत टेकत त्या एकदा म्हणाल्या होत्या. "बाकी सगळं गाव उत्तरं तयार ठेवूनच बसलंय. आपलं पुरतं ऐकून घ्यायच्या आधीच हातात देतात."

काकूंचे यजमान चौगुले सर हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक आणि वाचनमंदिराचे अध्यक्ष. अर्धं आजरा त्यांच्या हाताखालून गेलेलं. सदऱ्याच्या खिशाला पेन लावून ते रोज सकाळी ओसरीवर पेपर उघडून बसत. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण "नमस्कार सर" म्हणे. आणि थोड्या थोड्या वेळानं आतून काकूंची हाक येई, "चहा ठेवलाय ओ!" ती हाक गल्लीत इतकी ऐकून झाली होती, की सरांच्या चहाच्या व्यसनावर पोरंसोरंही विनोद करत.

खरी गोष्ट गावात फक्त हेमांगीला माहीत होती. गेल्या वर्षी सरांच्या मेंदूत रक्ताची एक बारीकशी गाठ अडकली. ती विरघळली, सर चालू-बोलू लागले, दिसत होतं, ऐकू येत होतं, लिहिताही येत होतं. पण डोळ्यांनी पाहिलेली अक्षरं ओळखणारी मेंदूतली वाट बुजून गेली. छापील पान त्यांना मुंग्यांच्या रांगेसारखं दिसे. स्वतःच्या हातानं लिहिलेली चिठ्ठीही थोड्या वेळानं परक्या भाषेतली होई. एकेक अक्षर बोटानं गिरवलं, तर कधी कधी कळायचं, कारण हाताची वाट शाबूत होती. पण चारचौघांत बोटानं गिरवत बसणार कोण? ज्यानं पिढ्यान् पिढ्यांना वाचायला शिकवलं, त्या माणसाला आता वाचता येत नाही, हे गावाला कळू द्यायचं नव्हतं.

म्हणून दुपारी दार लोटून काकू त्यांना पुस्तकं वाचून दाखवत, आणि गावात सर त्या पुस्तकांवर बोलत. सकाळच्या पेपराचं पान उलटायचं ते विसरायचे. तेच पान तासभर धरून बसायचे. मग काकू आतून सांगायच्या. "चहा ठेवलाय ओ" म्हणजे पान उलटा.

हे सगळं काकू सोमवारी सकाळी, मौन धरलेल्या हेमांगीसमोर बोलत. बोलून झालं की हेमांगी उठून कपाटातून एखादं पुस्तक आणून देई. फार जाड नसलेलं, वाचताना दम न लागणारं. तिची निवड चुकत नसे.

त्या खोलीत हे ऐकणारं तिसरंही कुणी होतं.

टेबलाच्या कोपऱ्यात निरांजनाएवढं एक पांढरं यंत्र होतं. त्याचं नाव सहाध्यायी. त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून हेमांगीनं क्रोशाची एक निळी टोपी विणली होती.

पूर्वी ग्रंथपालांचं प्रशिक्षण म्हणजे कधीतरी कोल्हापूरला निघणारं एक शिबिर. कुणीतरी पडद्यावरचं वाचून दाखवायचं, मधे जेवण, शेवटी प्रमाणपत्र. आडगावच्या ग्रंथपालांना तेवढंही मिळत नसे. मग काही ग्रंथपाल आणि काही तंत्रज्ञ एकत्र आले आणि त्यांनी सहाध्यायी उभं केलं. राज्यातल्या कुठल्याही वाचनालयाला ते विनामूल्य होतं. कसर लागलेली पानं कशी वाचवायची, मुलांचा वाचनतास कसा घ्यायचा, जुन्या नोंदी संगणकावर कशा चढवायच्या, सगळ्याचे धडे त्यात होते. हेमांगीनं त्याचाही नेम केला होता. सांजवात झाली की घरच्या संगणकावर रोज एक धडा.

पण सहाध्यायीची खरी करामत वेगळी होती. ते शिकवता शिकवता शिकत होतं. ग्रंथपाल आणि वाचक बोलत असताना ते ऐकायचं. शब्दन् शब्द साठवायचं नाही. बोलण्याची वळणं तेवढी धरायचं. कुठल्या प्रश्नावर वाचक मोकळा झाला, कुठे गप्प झाला, हे. शिवाय पुस्तकांच्या कण्यात घनसाळ तांदळाच्या दाण्याएवढी एक चकती बसवलेली असे. ती फक्त पुस्तकाची उघडझाप मोजायची. त्यावरून कळायचं, की दिलेलं पुस्तक शेवटापर्यंत वाचलं गेलं, की दोन पानांवर पडून राहिलं. ज्या टेबलावरची पुस्तकं पूर्ण वाचली जात, त्या टेबलावरच्या रीतीचा सहाध्यायी धडा बनवायचं. धड्यात पडद्यावर एक सराव-वाचक यायचा. अनेक ठिकाणच्या अनेक वाचकांच्या बोलण्यातून घडवलेला, प्रत्यक्षात कुठेच नसलेला माणूस. शिकणाऱ्या ग्रंथपालानं त्याच्याशी बोलायचं, त्याला हवं ते पुस्तक शोधून काढायचं. चुकलं तरी खऱ्या वाचकाचं काही बिघडत नसे.

नियम एकच. बोलणं सुरू होण्याआधी ग्रंथपालानं स्वतःच्या तोंडानं विचारायचं, "तुमचं बोलणं शिकवणीसाठी वापरलं तर चालेल का?" वाचक नाही म्हणाला, की तो उठून जाईपर्यंत सहाध्यायी बहिरं. हेमांगी रोज सगळ्यांना न चुकता विचारी. सोमवारी मात्र बोलता येत नसे, म्हणून तिनं तेच वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून पाटी भिंतीवर लावली होती. सोमवारी ती पाटीकडे हात करायची.

श्रावणात सहाध्यायीनं एक नवा धडा काढला, 'थांबणं'. राज्यात सर्वांत जास्त पुस्तकं पूर्ण वाचली जात होती ती आजऱ्याच्या टेबलावरची, सोमवारी सकाळी दिलेली. वाचक बोलायचा थांबला, तरी तिथली ग्रंथपाल लगेच बोलत नाही. काही सेकंद तशीच थांबते. आणि त्या रिकाम्या जागेत वाचक आपल्या मनातलं खरं सांगून टाकतो. सहाध्यायीनं ते थांबणं सेकंदांत मोजलं आणि गावोगावच्या ग्रंथपालांना शिकवलं. हेमांगी त्या वेळात मनातल्या मनात एक नामजप पुरा करत असे, हे यंत्राला कळायचं काही कारण नव्हतं.

धडा फार गाजला. सातपुड्यातल्या धडगावहून सुनंदा पावरा नावाच्या नव्या ग्रंथपालाचा फोन आला. "ताई, माझ्याकडे कुणी बोलायचंच नाही. मीच घाबरून बडबडायची. तुमच्या धड्यातली ती मंदाबाई आहे ना, तिच्याशी मी रोज सराव करते. आता बायका येऊन बसतात माझ्याकडे. मंदाबाई मला मावशीसारखी वाटते हो."

हेमांगीला ऐकून भरून आलं. पण स्वतःचाच धडा स्वतः घ्यायचा तिला संकोच वाटला. तो तिनं बाजूला ठेवला आणि कसरीचा धडा दुसऱ्यांदा केला.

मग ठरलं, की मंगळवारी वाचनमंदिरात हेमांगीचा सत्कार करायचा. सहाध्यायीच्या पुण्याच्या कचेरीतली समन्वयक ऋजुता वैद्य येणार, मोठ्या पडद्यावर सगळ्या गावासमोर 'थांबणं'चं प्रात्यक्षिक होणार, अध्यक्ष चौगुले सर.

रविवारी सांजवात झाल्यावर ऋजुताचा पडद्यावर फोन आला. "ताई, एकदा तालीम करून घेऊया? काय सांगता, अजून तुम्ही मंदाबाईंना भेटलाच नाहीत? कमाल आहे! थांबा, लावते."

पडद्यावर जांभळ्या लुगड्यातली एक अनोळखी बाई आली. आवाजही अनोळखी.

"पुस्तक जाड नको हो," ती म्हणाली. "वाचायचं मला आणि ऐकायचं ह्यांना. पोस्टमास्तर होते आमचे हे. आजारपणापासून अक्षर कळेनासं झालंय. पण लोकांना दिसायला हवं ना? म्हणून पेपर घेऊन ओसरीवर बसतात. आणि पान उलटायचं विसरतात. मग मी आपली आतून ओरडते, चहा ठेवलाय ओ!"

हेमांगीच्या हातातली काडेपेटी खाली पडली.

"बंद कर," ती म्हणाली. "ऋजुता, बंद कर आधी. ही खरी बाई आहे."

"नाही हो ताई. सराव-वाचक आहे. पोस्टमास्तर, गाव, चेहरा, सगळं बदललेलं असतं."

"चहा बदललेला नाही."

मग हेमांगीनं तिला, नाव न घेता, जेवढं सांगायला हवं तेवढंच सांगितलं. धडा कुठल्या कुठल्या टेबलांवरून घडला, त्याची यादी ऋजुतानं उघडली.

"कसं झालं असेल, ते कळतंय मला," यादी बघत ती म्हणाली. "पन्नास घरची आमटी एका पातेल्यात ओतली, तर कुणाच्या घरची कुठली ते ओळखता येत नाही. आम्ही तसंच करतो. पण ताई, गप्प बसलेल्या ग्रंथपालासमोर वाचक इतका वेळ बोलतोय, असं टेबल अख्ख्या राज्यात एकच होतं. तुमचं. आणि त्यातही इतकं बोलणारी बाई एकच. मिसळायला दुसरी आमटीच नव्हती. ती बाई जवळजवळ तशीच्या तशी राहिली."

"पण परवानगी?"

ऋजुतानं नोंद काढली. "आहे की. दर सोमवारी आहे. तुमची खूण, मग त्यांचा आवाज. 'बरं बाई'."

हेमांगीच्या डोळ्यांसमोर ती खुर्ची आली. खुर्चीच्या बरोबर वर भिंतीवर पाटी. ती पाटीकडे हात करायची. काकू "बरं बाई" म्हणायच्या आणि खाली बसायच्या.

"ते 'बसते' होतं," हेमांगी म्हणाली.

ऋजुता चांगली मुलगी होती. तिनं लगेच उपाय सुचवला. परवाच्या कार्यक्रमात मंदाबाईऐवजी दुसरा कुणी सराव-वाचक दाखवू. गावाला काही कळणार नाही.

"आणि बाकीच्या वाचनालयांत?"

"तिथे आहेच ती. पण तिथे त्यांना कोण ओळखतंय?"

"आजऱ्याच्या मुली कुठे कुठे दिल्यात, तुला काय माहीत! आणि सरांचे विद्यार्थी तर..." हेमांगीनं जीभ चावली. "पूर्ण काढून नाही टाकता येणार?"

"वाचकानं स्वतः सांगितलं, तर काढावंच लागतं. नियमच आहे. पण आमटीत पडलेलं मीठ वेगळं काढता येत नाही, ताई. आषाढातली एक जुनी प्रत आमच्याकडे जपून ठेवलेली आहे. तिथे परत जायचं आणि श्रावणापासूनचं सगळं नव्यानं शिकवायचं. 'थांबणं' हा धडाच जाईल. सुनंदाची मंदाबाई जाईल." ती थोडी थांबली. ते थांबणंही तिनं त्याच धड्यातून उचललं होतं. "वाचकाला कळलंच नाही, तर तो सांगणार कसा, हाही एक प्रश्न आहे. मी तुम्हाला काही सुचवत नाहीये."

हेमांगी देवघरासमोर जाऊन बसली. सांगितलं तर सोमवारची ती खुर्ची रिकामी होणार. काकू पुन्हा तिच्यासमोर तोंड उघडणार नाहीत; कदाचित कुणासमोरच नाही. नाही सांगितलं तर काही म्हणजे काहीच होणार नाही. आणि उद्या सोमवार होता.

"जेवायला येतेस का?" प्रदीपनं आतून विचारलं. मग तिचा चेहरा पाहून तो काही न बोलता ताट झाकून तिच्या शेजारी येऊन बसला. सोमवार नसतानाही.

काकू नेहमीच्या वेळेला आल्या. हातात मागचं पुस्तक, पदराखाली झाकून आणलेली पांढऱ्या तगरीची फुलं. "तुझ्या महादेवाला," म्हणत त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि पाटीखालच्या खुर्चीत बसल्या. "हे पुस्तक आवडलं बघ ह्यांना. तो म्हाताऱ्या नावाड्याचा भाग दोनदा वाचायला लावला..."

हेमांगीनं सहाध्यायीची वायर काढली. हात जोडले. मनात महादेवाची क्षमा मागितली.

"काकू," ती म्हणाली.

काकू दचकून उभ्याच राहिल्या. "अगं बाई! सोमवार आहे आज!"

"माहीत आहे. बसा. आज मला बोलायचंय."

तिनं सगळं सांगितलं. पाटी, खूण, 'बरं बाई', मंदाबाई, चहा. काही झाकलं नाही आणि रडलीही नाही. रडलं, तर काकू तिचीच समजूत काढत बसतील, हे तिला ठाऊक होतं. काकू ऐकत होत्या. मान वळवून त्यांनी डोक्यावरची पाटी पहिल्यांदाच नीट वाचली.

"मला वाटायचं, बस म्हणतीस," त्या म्हणाल्या.

"चूक माझी आहे. मी तोंडानं विचारायला हवं होतं."

आजचं गप्प बसणं काकूंचं होतं, आणि ते इतकं जड असतं, हे हेमांगीला पहिल्यांदा कळत होतं.

"मग सांगितलंस कशाला?" शेवटी काकूंनी विचारलं. "उद्या दुसरी बाई दाखवली असतीस. कुणाला काय कळलं असतं?"

"पुढच्या सोमवारी तुम्ही ह्याच खुर्चीत बसला असता आणि मी गप्प बसले असते. त्या गप्प बसण्याला मग मौन म्हणायचं का, काकू?"

काकू उठल्या. पदर सावरला. नवीन पुस्तक न घेताच पायऱ्या उतरून गेल्या. फुलं टेबलावर तशीच राहिली.

हेमांगीनं दुपारी नैवेद्य दाखवला. नेम मोडला होता. त्याचं काय करायचं, ते तिनं देवावर सोपवलं. फुलं मात्र वाहिली. ती त्याच्यासाठीच आणलेली होती.

संध्याकाळी वाचनमंदिर बंद करायच्या वेळेला पायऱ्यांवर काठी वाजली. सर होते. मागे काकू.

"हिनं दुपारी सांगितलं मला," सर खुर्ची ओढत म्हणाले. शाळेचा आवाज तसाच होता, खणखणीत. "दाखव ती बाई."

"सर, मी..."

"ते नंतर. आधी बाई दाखव. माझ्याविषयी गावोगाव काय शिकवताय, ते मला तपासलं पाहिजे."

हेमांगीनं वायर पुन्हा जोडली आणि पडदा लावला. सर शिकणाऱ्याच्या जागी बसले. मंदाबाई आली आणि सांगू लागली: जाड पुस्तक नको, वाचायचं मला, ऐकायचं ह्यांना. मग थांबली.

"बाई," सर म्हणाले, "तुमच्या यजमानांना नेमकं..."

"थांबा," सहाध्यायीचा मऊ आवाज आला. "त्यांचं बोलणं अजून संपलेलं नाही."

उभ्या जन्मात सरांना कुणी वर्गात गप्प केलं नव्हतं. काकूंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. "बसा आता गप," त्या पुटपुटल्या. सरांनी मुकाट्यानं ओठ मिटले. पेन खिशातून काढलं, परत लावलं. वाट पाहिली.

मंदाबाई खाली बघत बोलली.

"एक सांगू का? वाचून दाखवते, तेव्हा हे माझ्या तोंडाकडे बघत बसतात. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली. पुस्तकातून मान वर काढून एवढा वेळ त्यांनी मला कधी बघितलं नव्हतं. मग एखाद्या दिवशी मनात येतं, की हे बरे झाले, त्यांना पुन्हा वाचता यायला लागलं, तर हे बघणं जाईल. असं मनात येणं पाप आहे का हो?"

काकूंचं हसू केव्हाच थांबलं होतं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं तरी. पडद्यावर मंदाबाई उत्तराची वाट पाहत होती.

सहाध्यायी म्हणालं, "आता तुम्ही बोलू शकता."

हेमांगीनं हळूच विचारलं, "सर, पुढचा प्रश्न विचारायचा का?"

"नको." त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "पुढचं मी घरी विचारीन."

थोड्या वेळानं त्यांनी काठी उचलली. "हेमांगी, ही बाई काढून टाकायची. अध्यक्ष म्हणून सांगतोय..." मग थांबले आणि बायकोकडे वळले. "नाही. वाचक तू आहेस. तू सांग, अगं."

"काढा," काकू म्हणाल्या. मग हेमांगीकडे न बघताच, "ती एक पोरगी म्हणालीस ना, धडगावची? मंदाबाईशी रोज बोलणारी?"

"सुनंदा."

"तिला माझा नंबर दे. म्हणावं, मंदाबाई गावाला गेली, तिची बहीण आहे इथं. मी पुस्तक मागते, तू शोध. चुकलीस तर ओरडणार नाही, म्हणावं. ह्यांच्यासारखी."

"मी कधी ओरडलो?" सर म्हणाले.

"पोरांना विचारा आजऱ्यातल्या."

जाताना काकूंनी टेबलावरून एक पुस्तक उचललं. कुठलं, ते बघितलंही नाही.

मंगळवारी कार्यक्रम झाला. ऋजुतानं कसरीच्या धड्याचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि लोकांनी घरच्या जुन्या पोथ्यांविषयी तिला भंडावून सोडलं. सरांनी हेमांगीला शाल दिली. मग मानपत्र वाचायची वेळ आली. असे कागद सर आदल्या दिवशी काकूंकडून ऐकून पाठ करायचे आणि कागद समोर धरून घडाघडा म्हणायचे. गावानं नेहमी टाळ्या दिल्या होत्या. या वेळी त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा काढला.

"मंडळी," ते म्हणाले, "दुखण्यानंतर मला वाचता येत नाही. लिहिता येतं, वाचता येत नाही. असं होतं कधी कधी, डॉक्टरांना विचारा. ही वाचते आणि मी ऐकतो. तुम्हीही ऐका."

आणि त्यांनी कागद काकूंपुढे धरला.

मग मागच्या रांगेतून कुणीतरी, बहुतेक सरांचाच जुना विद्यार्थी, हळूच म्हणालं, "म्हंजे तो चहा..." आणि शेजारच्यानं त्याला कोपर मारलं. काकू माइकसमोर उभ्या राहिल्या. वाचायची त्यांना रोजची सवय. मानपत्रातलं 'थांबणं' या धड्याविषयीचं वाक्य तेवढं त्यांनी गाळलं. सर आपल्या खुर्चीतून त्यांच्या तोंडाकडे बघत होते, सगळ्या गावासमोर.

सहाध्यायी आषाढातल्या प्रतीवर परत गेलं. मंदाबाई पुसली गेली. ऋजुतानं नवा नियम घातला: खुणेची परवानगी चालणार नाही, आणि एकाच टेबलावरून घडलेला वाचक धड्यात येणार नाही. थांबणं यंत्र विसरलं. पण ज्यांनी ते शिकून घेतलं होतं, ती माणसं विसरली नव्हती. धडगावात सुनंदा अजूनही थांबते, फोनवर काकू तिला मधूनच विचारतात, "आहेस का गं तिकडे?"

पुढच्या सोमवारी हेमांगीनं पुन्हा मौन धरलं. तिनं पाटी काढून टाकली होती. सोमवारी सकाळी सहाध्यायी बंद ठेवायचं, असं तिनं नेमात घालून घेतलं. वायर काढून तिनं निळी टोपी त्याच्यावर अगदी खालपर्यंत ओढली.

पायऱ्यांवर काठी वाजली. सर एकटेच होते. पाटी नसलेल्या भिंतीखाली खुर्चीत बसले आणि घसा साफ केला.

"पुस्तक हवंय. हिच्यासाठी नाही. मला, माझ्यासाठी." मग पुढचं सुचेना. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती हसली, हात जोडले आणि मनात जप सुरू केला.

"बोटानं गिरवून वाचणार आहे," सर जरा रागावल्यासारखे म्हणाले. "लहान पोरासारखं. वेळ लागेल. पण एक पान तरी पुरं करायचंय. दुपारी मी हिला वाचून दाखवणार. तिनंही बघू दे जरा माझ्या तोंडाकडे."

हेमांगी उठली. मुलांच्या कपाटातलं नको, हे तिला न सांगता कळलं. तिनं मोठ्या टाइपातलं एक प्रवासवर्णन आणून त्यांच्यापुढे ठेवलं. सरांनी पेन खिशातून काढून बाजूला ठेवलं, तर्जनी पुढे केली आणि मुखपृष्ठावरचं पहिलं अक्षर सावकाश गिरवायला घेतलं.

तिचा जप पुरा झाला. बोट अजून दुसऱ्या अक्षरावरच होतं. तिनं दुसरा सुरू केला.